देवीचा वण, कोंबड्यांची देवी आणि मामांचं चुकता चुकता राहिलेलं इंजेक्शन

मामांचं तीन महिन्यांचं इंजेक्शन १६ सप्टेंबरला होतं. ११ तारखेला सकाळी मामीचा फोन आला. "बाय, तू येऊन जा. हे म्हणतात, आता सुई नको. रशियाची लस येतेय, तोवर अंग मोकळं ठेवायचं." स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर तिने १६ तारखेभोवती लाल पेनाने गोल केला होता. त्या गोलावर मामांनी पेन्सिलीने फुली मारली होती.

हे प्रकरण मामांच्या संमतीने लिहिते आहे. घर ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत, आजाराचा आणि उपचारांचा क्रम तसाच ठेवला आहे. मी गोव्यातल्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. शिकवायला लागण्याआधी काही वर्षं एका प्रयोगशाळेत पेशी वाढवून त्यांच्यावर विषाणू सोडण्याचंच काम केलं, त्यामुळे घरात 'व्हायरस' हा शब्द निघाला की मला बोलावणं येतं. या खेपेला हाताशी पाच दिवस होते आणि मामांचं मन दुखावून काहीच साधणार नव्हतं.

मामा आणि त्यांचा आजार

मामा पंचाहत्तर वर्षांचे. पेडणे तालुक्यात घर, सगळी नोकरी फेरीबोटीवर. २०२३ च्या पावसाळ्यात कंबर धरली. आधी वाटलं, वाकून काम केल्याने असेल. तेल लावून झालं, शेक देऊन झाला. शेवटी कुणीतरी रक्त तपासायला सांगितलं, तर पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीचं रक्तात उतरणारं प्रथिन, १४८ निघालं, फारच वाढलेलं. बायॉप्सीत प्रोस्टेटचा कर्करोग, आणि हाडांच्या स्कॅनमध्ये कण्यावर आणि कमरेच्या हाडांत ठिपके.

पुरुषी संप्रेरक, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, हे या कर्करोगाचं खाद्य. म्हणून दर तीन महिन्यांनी ते बंद पाडणारं इंजेक्शन, आणि रोज सकाळी उपाशीपोटी ॲबिराटेरोनच्या चार गोळ्या, सोबत प्रेडनिसोलोन. वर्षभरात पीएसए ०.८ वर आलं. मामा पुन्हा स्वतः बाजारात जाऊ लागले, नारळ सोलू लागले. मग २०२५ च्या मे महिन्यात १.९ आणि ऑगस्टमध्ये ३.४.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, "थोडं वाढतंय. टेस्टोस्टेरॉन तपासू, स्कॅन करू, मग बघू." वैद्यकाच्या दृष्टीने हे अगदी बरोबर होतं. मामांच्या कानांवर मात्र एवढंच पडलं, की औषध संपलं. घरी येऊन ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. चतुर्थीत गणपतीच्या वरची माटोळी बांधतानासुद्धा खाली बसून नुसते बघत होते, दरवर्षी सुपाऱ्यांचे घड आणि नारळ त्यांनीच बांधायचे.

प्रकरणाचं खरं मूळ मी त्या दोन दिवसांत शोधते. बातमी नंतर आली, तिच्यासाठी जागा आधीच झाली होती.

बातमी आली कुठून

मामांचा थोरला मुलगा, आमचा दादा, मोरजीला चार खोल्या भाड्याने देतो. मोसमात त्याच्याकडे रशियन पाहुणे असतात, काही जण दरवर्षी येणारे. त्यांतल्याच एकाने त्याला बातमीची लिंक पाठवली आणि दादाने ती घरच्या ग्रुपवर टाकली: रशियाने कर्करोगावर लस काढली, शंभर टक्के गुण, सगळ्यांना फुकट. गावातल्या ग्रुपवरही तेच फिरत होतं. दादाने ते वडिलांच्या मायेने टाकलं होतं, आणि हे मी मुद्दाम लिहिते, कारण पहिल्या दिवशी घरात सगळे त्याच्यावरच तुटून पडले.

मी दोन रात्री बसून बातमीचा माग काढला. तिच्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली होती.

पहिली गोष्ट: सप्टेंबर २०२५ च्या सुरुवातीला व्लादिवोस्तोकच्या आर्थिक परिषदेत रशियाच्या वैद्यकीय-जैविक संस्थेच्या प्रमुख वेरोनिका स्क्वोर्त्सोवा यांनी सांगितलं, की त्यांच्या लसीच्या माणसांपूर्वीच्या चाचण्या झाल्या आहेत आणि वापराच्या परवानगीची वाट आहे. पहिलं लक्ष्य मोठ्या आतड्याचा कर्करोग. माणसांपूर्वीच्या, म्हणजे प्राण्यांवरच्या. प्रोस्टेटचं त्यात नावही नव्हतं.

दुसरी गोष्ट: 'एंटेरोमिक्स' नावाचं औषध. माणसाला आजारी न पाडणारे चार विषाणू एकत्र करून ते गाठीवर सोडायचे, गाठीच्या पेशी फोडायच्या. त्याच्या पहिल्या टप्प्यासाठी स्वयंसेवक घेणं २०२५ च्या उन्हाळ्यात जाहीर झालं होतं. पहिल्या टप्प्यात पाहतात ते हे, की औषध झेपतं का आणि मात्रा किती द्यावी. गुण येतो का, हा प्रश्न पुढच्या टप्प्यांचा. शंभर टक्के हा आकडा तिथून निघूच शकत नाही.

त्यात तिसरी एक काळजीची गोष्ट होती. त्या पाहुण्याच्या ओळखीतून दादाला एक नंबर मिळाला होता. पलीकडचा माणूस लस 'बुक' करायला दोन लाख आगाऊ मागत होता आणि सांगत होता, की आधीची औषधं बंद करून शरीर स्वच्छ ठेवा, नाहीतर लस लागू पडणार नाही. फुलीचं कारण हे. पैसे गेले नव्हते. दादाने सोन्यावर कर्ज किती मिळेल, याची चौकशी मात्र केली होती.

दादाला मी एवढंच दाखवलं, की माणसांवरच्या चाचणीची नोंद भारतात सीटीआरआय या सरकारी नोंदणीत करणं १५ जून २००९ पासून सक्तीचं आहे. ती कुणीही घरबसल्या उघडून वाचू शकतो. चाचणीत येणाऱ्या रुग्णाकडून प्रायोगिक औषधाचे पैसे घ्यायचे नसतात. उलट, चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई देण्याचं बंधन २०१९ च्या नियमांनी चाचणी करणाऱ्यांवर घातलं आहे. दादाने तिथल्या तिथे तो नंबर ब्लॉक केला. पाच मिनिटांचं काम होतं. मामांचं तसं नव्हतं.

अंगणातली दुपार

शनिवारी मी पेडण्याला गेले. मामा बाहेर खुर्चीवर, बनियनवर बसलेले. मी काही बोलायच्या आधी तेच म्हणाले, "तू मला खोटी आशा म्हणून सांगायला आलीस ना गो?"

मी म्हटलं, "नाही मामा. विषाणूवर कर्करोगाची लस घालून पाठवायची कल्पना खोटी नाही. तुमच्याच आजारावर तशी लस केलेली आहे. शेकडो माणसांना दिलेली आहे. तिचं काय झालं, ते सांगायला आले."

हे ऐकून ते सरळ बसले. आजही मला वाटतं, की त्या वाक्यानेच दार उघडलं. 'असलं काही नसतं' असं म्हटलं असतं, तर पुढचं त्यांनी ऐकून घेतलं नसतं, आणि ते खरंही नव्हतं.

त्यांच्या डाव्या दंडावर देवीच्या लशीचे दोन वण आहेत. रुपयाएवढे, मधे खोलगट, कडेला सुरकुतलेले. मी लहानपणी त्यांवर बोट फिरवत असे. "शाळेत देवी काढायला आले होते," ते म्हणाले. "मी पळून आंब्यावर चढलो होतो. मास्तरांनी खाली काढला."

त्या लशीतल्या विषाणूचं नाव व्हॅक्सिनिया. देवीच्या रोगाचा हा चुलत भाऊ. त्याच्या जोरावर देवी जगातून गेली. भारतातला शेवटचा रुग्ण मे १९७५ मधला. पुढे १९८२ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं, की या विषाणूच्या जनुकसाठ्यात परकं जनुक खोचता येतं. व्हॅक्सिनियाचा पसारा मोठा, सुमारे दोनशे जनुकांचा, त्यामुळे त्यात माल पुष्कळ मावतो. विषाणू पेशीत शिरला, की आपल्या जनुकांबरोबर ते खोचलेलं जनुकही वाचलं जातं आणि त्याचं प्रथिन पेशीत तयार होतं.

"म्हणजे फेरीबोट," मामा म्हणाले. "बोट एकाची, आत गाडी दुसऱ्याची."

मी इतकी वर्षं वर्गात 'वाहक' हा शब्द वापरते आहे. त्या दुपारपासून मी मुलांना फेरीबोटच सांगते.

मामांच्या रोगासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत जी बोट तयार झाली, तिचं नाव प्रोस्टव्हॅक. आत गाडी कसली? पीएसएची. मामा ज्या आकड्याच्या धाकात जगतात, त्याच प्रथिनाचं जनुक. हेतू असा, की विषाणूसोबत आलेलं पीएसए पाहून शरीराच्या टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, खवळतील आणि पीएसए करणाऱ्या पेशींना शोधून मारतील. पण पीएसए हे आपल्याच ग्रंथीचं प्रथिन. टी पेशींच्या लेखी ते घरचं माणूस, त्याच्यावर हात उगारायचा नाही असंच वळण त्यांना लागलेलं. शिवाय टी पेशीला नुसता चेहरा दाखवून भागत नाही, 'हा धोका आहे' असा दुसरा इशाराही लागतो. म्हणून त्याच बोटीत आणखी तीन इशारा-प्रथिनांची जनुकं घातली.

आता अडचण मामांच्या दंडावरच होती. ज्याला लहानपणी देवी काढल्या आहेत, त्याचं शरीर व्हॅक्सिनियाला ओळखतं. ही स्मरणशक्ती दशकानुदशकं टिकते. लहानपणी देवी काढल्या नसल्या, तरी पहिल्या इंजेक्शननंतर ओळख होतेच. मग तीच बोट पुन्हा पाठवली, की प्रतिपिंडं तिला धक्क्याला लागू देत नाहीत आणि गाडी उतरतच नाही. प्रोस्टव्हॅक करणाऱ्यांनी यावर काढलेला तोडगा मला या सगळ्या विषयात सर्वांत देखणा वाटतो. पहिली खेप व्हॅक्सिनियाची, आणि पुढच्या सहा खेपा कोंबड्यांच्या देवीच्या विषाणूच्या.

मामीच्या परसात त्या दिवशी तशीच एक गावठी कोंबडी होती. तुऱ्यावर काळ्या खपल्या, एक डोळा अर्धा मिटलेला. पाऊस सरता सरता डास वाढले, की कोंबड्यांत देवी येते. मामांनी तिला टोपलीखाली वेगळी ठेवली होती. "ही देवी?" त्यांनी विचारलं. हीच. हा विषाणू माणसाच्या पेशीत शिरतो, आतली गाडी उतरवतो, पण तिथे त्याची वीण वाढत नाही, म्हणून माणूस आजारी पडत नाही. आणि माणसाचं शरीर त्याला अडवणारी प्रतिपिंडं फारशी जोरकस करत नाही, म्हणून तो पुनःपुन्हा पाठवता येतो. बोट बदलली, गाडी तीच. पाच महिन्यांत सात इंजेक्शनं.

मामा बराच वेळ टोपलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पुढे सांग. माणसं वाचली का?"

पंचवीस वजा सतरा आणि चौतीस वजा चौतीस

दुसऱ्या टप्प्याची चाचणी सव्वाशे रुग्णांची होती. निकाल २०१० मध्ये छापून आला. लस घेतलेल्यांचं मध्यम आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, २५.१ महिने, न घेतलेल्यांचं १६.६. साडेआठ महिन्यांचा फरक. आकडे मी वहीच्या पाठकोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिले, कारण मामांना चष्म्यातूनही बारीक दिसत नाही.

"बघ!" ते म्हणाले.

इथे थांबून मी दुसरी गोष्ट सांगितली. या चाचणीने आधी जाहीर केलेला मुख्य प्रश्न वेगळाच होता: आजार वाढायला लागेपर्यंतचा काळ लांबतो का? त्याचं उत्तर नाही असं आलं. तो काळ दोन्ही गटांत सारखाच निघाला. जगण्यातला फरक नंतर दिसला, आणि लस न घेतलेल्या गटात माणसं होती चाळीसच. चाळिसांत दहा जण जरा जास्त आजारी निघाले, तरी हा मधला आकडा खाली येतो. फरक खरा असेल किंवा नशिबाचा, हे ठरवायला मोठी चाचणी लागणार होती.

ती झाली. १२९७ रुग्ण, तीन गट. एकाला लस, दुसऱ्याला लस आणि जोडीला रोगप्रतिकारक पेशी वाढवणारं औषध, तिसऱ्याला बिनऔषधाचं इंजेक्शन. कुणाला काय मिळतंय हे रुग्णाला माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये मधल्या तपासणीतच दिसलं, की पुढे चालवून उपयोग नाही, आणि चाचणी थांबवली. शेवटचे आकडे: लसीचा गट ३४.४ महिने, लस आणि औषध ३३.२, बिनऔषधाचा गट ३४.३.

मी दोन्ही वजाबाक्या शेजारी शेजारी मांडल्या. पहिली साडेआठ. दुसरी ०.१. मामांनी फेरीचा हिशेब ठेवण्यात आयुष्य घालवलं आहे. त्यांनी बोट लसीच्या आकड्यावर ठेवलंच नाही. ते सरकलं १६.६ वरून ३४.३ वर.

"हे कसं झालं? ज्यांना काहीच दिलं नाही, ते दुप्पट कसे जगले?"

मला हाच प्रश्न हवा होता आणि तो त्यांनी स्वतः विचारला. एक कारण, मोठ्या चाचणीत घेतलेले रुग्ण तुलनेने बऱ्या अवस्थेतले होते. दुसरं, 'काहीच दिलं नाही' हे पुरतं खरं नाही. संप्रेरक बंद पाडणारा उपचार त्यांचा चालूच होता, आणि आजार वाढला की त्यांना पुढची औषधं मिळत होती. पहिल्या चाचणीच्या काळात त्यांतली कित्येक औषधं अस्तित्वातच नव्हती. एक २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

मी आत जाऊन मामांच्या कपाटातली डबी आणली आणि टेबलावर ठेवली. ॲबिराटेरोन.

तेव्हा मामी चहा घेऊन बाहेर आली होती. कुणीच काही बोललं नाही. मामांनी डबी उचलली, हलवून पाहिली, किती गोळ्या उरल्या ते. मग म्हणाले, "आणि सुई?"

"सुई त्या सगळ्यांना चालू होती, मामा. लस घेतलेल्यांनासुद्धा. सुई बंद करून कुणालाच लस दिलेली नाही."

हे वाक्य नंतर डॉक्टरांनीही त्यांना वेगळ्या शब्दांत सांगितलं. पीएसए वाढलं, तरी टेस्टोस्टेरॉन बंद ठेवणं चालूच राहतं. कण्यावर ठिपके असलेल्या माणसाने ते सोडलं, तर काही महिन्यांत संप्रेरक परत येतं, गाठी फोफावतात, आणि मज्जारज्जूवर दाब आला तर पाय जातात. अंग मोकळं ठेवा म्हणणाऱ्या त्या फोनवरच्या माणसाला हे ठाऊक नव्हतं असं धरून चालायला मी तयार नाही.

मामांचे बाकीचे प्रश्न

त्या संध्याकाळी ते विचारत राहिले आणि मी सांगत राहिले. काही गोष्टी इथे नोंदवते, कारण दुसऱ्या घरांतही हेच विचारलं जातं.

"कोविशील्ड पण विषाणूचीच ना? मग ती कशी चालली?" कोविशील्डमध्ये चिंपांझीचा ॲडेनोव्हायरस बोट म्हणून वापरला आहे, वीण वाढवणारं जनुक काढून. त्यातला माल, कोरोनाचं काटेरी प्रथिन, शरीराला पूर्ण परका. म्हणून ओळख चटकन पटते. कर्करोगात माल घरचाच, खरी अडचण तीच. ऑक्सफर्डमध्ये हीच चिंपांझीची बोट प्रोस्टेटसाठीही वापरून पाहिली, आत ५टी४ नावाचं गाठींवर आढळणारं प्रथिन, दुसरी खेप व्हॅक्सिनियाच्या दुबळ्या केलेल्या भावाची आणि जोडीला टी पेशींचा ब्रेक सोडवणारं निव्होल्युमॅब. तेवीस रुग्णांपैकी पाच जणांचं पीएसए निम्म्याहून खाली आलं. लहान चाचणी आहे, तुलनेचा गट नाही. तरी प्रोस्टव्हॅकनंतर लोक हात झटकून बसलेले नाहीत, हे मामांना कळावं असं मला वाटलं.

"भाईंना का नाही दिली मग?" हे मामीने विचारलं. गोव्यात स्वादुपिंडाचा कर्करोग म्हटलं, की अजून भाई, म्हणजे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकरच डोळ्यांसमोर येतात. नाकात नळी घालून मांडवीवरच्या नव्या पुलावर उभे राहिलेले. १७ मार्च २०१९ ला ते गेले, तेव्हा आमच्या घरी चूल पेटली नव्हती. मी तिला सांगितलं, की याच दोन बोटींतून स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठीही लस केली होती, पॅनव्हॅक नावाची. मोठ्या चाचणीत २००६ मध्येच तिचा उपयोग दिसला नाही. भाईंच्या आजारपणापर्यंत ती मागे पडून बारा वर्षं झाली होती.

"एकही पास झाली नाही?" विषाणूवर आधारलेला एक उपचार झाला. सर्दीत ओठांवर पुळ्या आणणाऱ्या हर्पीसच्या विषाणूची रोगट जनुकं काढून, प्रतिकारशक्तीला हाक घालणारं एक जनुक घालून केलेलं टी-व्हेक. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी अमेरिकेत ऑक्टोबर २०१५ मध्ये मंजुरी. ४३६ रुग्णांच्या चाचणीत टिकाऊ गुण आलेले १६.३ टक्के, तुलनेच्या गटात २.१. पण ते गाठीत थेट टोचतात. मामांच्या कण्यातल्या ठिपक्यांत कुठून टोचणार? आणि ते लस या अर्थाने लस नव्हेच. एंटेरोमिक्स याच जातीचं.

मग मी एक गोष्ट न विचारता बोलले. दादाची मुलगी तेरा वर्षांची आहे. कर्करोग टाळणारी एक लस खरोखर आहे, तिच्या वयासाठीच आहे, आणि घरात तिचा विषय कुणीच काढला नव्हता. गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ सगळाच एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक जानेवारी २०२३ मध्ये आली. तिच्यात जिवंत विषाणू नाही, नुसती वरची टरफलं आहेत, आत काहीच नाही. नऊ ते चौदा वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात. वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. "रशियाच्या लसीबद्दल आम्ही चार दिवस भांडलो," ती म्हणाली, "आणि हिच्याबद्दल मला आज कळतंय." तिच्या आवाजात राग होता आणि तो रास्त होता. दरवर्षी मुलांना विषाणू शिकवणाऱ्या मी तरी हे आधी का सांगितलं नव्हतं?

पुढे काय झालं

इंजेक्शन १६ लाच झालं. मामा दादाबरोबर गेले. मी तीन प्रश्न कागदावर लिहून दिले होते, कारण डॉक्टरांसमोर बसल्यावर आठवत नाही हा सगळ्यांचाच अनुभव आहे. टेस्टोस्टेरॉन पुरतं खाली आहे का? स्कॅनमध्ये नवीन काय? आणि २०२३ च्या बायॉप्सीतला तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक अजून ठेवलेला असेल, तर त्यावर बीआरसीए आणि एमएसआय या तपासण्या करता येतील का?

तिसरा प्रश्न लसीच्याच वाटेने आला होता. काही गाठींत जनुकांची दुरुस्ती करणारी यंत्रणा मोडलेली असते, एमएसआय तपासणीत ते दिसतं. अशा गाठी इतकी विचित्र प्रथिनं करतात, की टी पेशींना त्या परक्या वाटतात, आणि तिथे ब्रेक सोडवणारी मंजूर औषधं चालतात. प्रोस्टेटमध्ये असे रुग्ण थोडेच. पण तपासल्याशिवाय तो थोड्यांतला एक आपला माणूस आहे की नाही, हे कळत नाही. बीआरसीए या जनुकांत दोष असेल तर गोळ्यांचा आणखी एक प्रकार उघडतो. डॉक्टरांनी कागद वाचला आणि ब्लॉक मागवायची चिठ्ठी तिथेच लिहून दिली. प्रश्न लिहून नेल्याबद्दल ते खूश दिसले, असं दादा म्हणाला.

निकाल ऑक्टोबरच्या मध्यात आले. टेस्टोस्टेरॉन पुरतं दबलेलं. स्कॅनमध्ये बरगडीत आणि मांडीच्या हाडात दोन नवे ठिपके. बीआरसीए ठीक, एमएसआय स्थिर, म्हणजे ती दोन्ही दारं बंद. मामांनी मला फोनवर स्वतः वाचून दाखवलं, एकेक अक्षर लावत. मला रडू येत होतं, त्यांचा आवाज सरळ होता. "आता डोसेटॅक्सेल म्हणतात. तू सांग, याच्या मोठ्या चाचण्या झाल्यात ना?"

झाल्यात. डोसेटॅक्सेल हे केमोथेरपीचं औषध. २००४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल एकदम आले आणि त्यांतूनच हा उपचार रूढ झाला. हे त्यांनी विचारावं, याचा मला त्या क्षणी फार आधार वाटला.

पहिली सायकल ३ नोव्हेंबरला झाली, दर तीन आठवड्यांनी एक. केस गेले, तोंडाला चव नाही, सोलकढी तेवढी जाते. दुसऱ्या सायकलनंतर कमरेचं दुखणं उतरलं आणि पीएसए ५.१ वरून ३.६ वर आलं. ॲबिराटेरोन थांबवली आहे, तीन महिन्यांची सुई चालू आहे, पुढची १६ डिसेंबरला.

खपल्यांची कोंबडी वाचली, तिचा डोळा मात्र गेला. मामांनी पशुवैद्यांकडून बाकीच्यांना देवीची लस टोचून घेतली. पंखाच्या पातळ कातडीत दुहेरी सुईने टोचतात, ते त्यांनी मला फोनवर रंगवून सांगितलं. टोचल्यावर आठवड्याने त्या जागी फोड उठला की लस लागली म्हणायची.

गेल्या रविवारी गेले तेव्हा मामी नवीन वर्षाचं कालनिर्णय भिंतीवर लावत होती. लाल पेन दातांत धरलेलं. मामांच्या सायकलींचे गोल करून झाल्यावर तिने पानं पुढे उलटली आणि एप्रिलच्या पानावर नातीच्या दुसऱ्या डोसाची तारीख विचारली. मामांनीच खुर्चीवरून सांगितली.